पाहुण्यांसाठी झाडलेला माळ

गावानं एखाद्याला ठेवलेलं नाव सातबाऱ्यावरच्या नावापेक्षा पक्कं असतं. आमच्या वडलांना, म्हणजे अण्णांना, गाव ‘गवत्या मास्तर’ म्हणायचं. तोंडावर नाही. तोंडावर ‘रामराम मास्तर’, आणि पाठ वळली की गवत्या. अण्णा हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, त्याला कुणाची हरकत नव्हती. पोरं नापास व्हायची ती गणितात आणि इंग्रजीत. पण अण्णांना दोन नाद होते. एक, रविवार उगवला की सीनेचं पाणी बाटल्यांत भरून तपासायचं. दुसरा, गावाच्या वरच्या अंगाला जो सरकारी माळ होता त्यावर गवत वाढवायचं. पहिल्या नादाला गाव हसायचं आणि दुसऱ्याला लोळून हसायचं. माणूस ऊस वाढवतो, डाळिंब वाढवतो, गेला बाजार मिशा तरी वाढवतो. गवत कोण वाढवतं? ते काढायला रोजगार द्यावा लागतो. इथं खुरपायला बायका मिळत नाहीत म्हणून शेतकरी रडतोय आणि हा बाबा पगारी नोकरी सांभाळून गवताची राखण करतोय, असं पारावर रोज कुणीतरी म्हणायचं आणि रोज लोकांना ते नव्यानं पटायचं.

आता मी जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहते. आमच्या सोसायटीचा नदी वाचवण्यासाठी काढलेला व्हॉट्सॅप ग्रुप आहे. त्यावर रोज सकाळी गुलाबाची फुलं येतात, नदी कधी येत नाही. परवा एकीनं विचारलं, ताई, सीना नेमकी कुठल्या बाजूला आहे हो? मी म्हटलं, बाई गं, तू आधी फुलं पाठव. चाळिशी उलटून मला बरीच वर्षं झाली, गुडघे तर साठीचे झालेत, आणि अण्णा आता नाहीत. म्हणून ते दिवस लिहून ठेवतेय. वडलांची थोरवी सांगायला नव्हे. ती त्यांनी स्वतःच हयातीत भरपूर सांगून ठेवली आहे.

आमचं घर शाळेच्या मागं, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. सकाळी आईच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि वरच्या अंगाच्या साखर कारखान्याचा भोंगा असे दोन्ही एकदमच सुरू व्हायचे. कारखाना चालू असला की मळीचा वास यायचा. पाहुण्यांना यायचा, आम्हाला येत नसे, आमची नाकं मेली होती. नदीवर तांबूस फेस तरंगत यायचा. लहानपणी आम्ही तो फेस हातावर घेऊन फुंकायचो आणि मग हात खाजवत बसायचो. गावाचा पिण्याच्या पाण्याचा आड नदीपासून थोडा वर, माळाच्या पायथ्याला होता, म्हणून तेवढा तरी बरा होता. अण्णांना सोलापूरच्या एका प्राध्यापकांनी पाणी तपासायची पेटी दिली होती. त्यात औषधांच्या चिमुकल्या बाटल्या, ड्रॉपर आणि रंगांचा तक्ता. दर रविवारी अण्णा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नदीत उतरायचे आणि मी काठावर बाटल्या धरून उभी राहायची. थेंब टाकले की पाण्याचा रंग बदलायचा आणि अण्णांचा चेहरापण. मग ते जिल्ह्याच्या कचेरीला पत्र लिहायचे. कचेरीकडून उत्तर यायचं की आपलं पत्र पुढील कार्यवाहीसाठी पुढं पाठवण्यात आलं आहे. एवढी पत्रं पुढं गेली की ती आता कर्नाटकात पोचली असतील असं मला वाटायचं.

आईचा एक नेम होता. घरात कुणीही येवो, पाव्हणा असो, वसुलीवाला असो, भांडायला आलेली शेजारीण असो, त्याच्या हातात जाणारं पाणी दुहेरी फडक्यातनं गाळलेलं आणि तुरटी फिरवलेलं असायचं. सोबत गुळाचा खडा. गढूळ पाणी दुसऱ्याला देणं म्हणजे तिच्या लेखी शिवी देण्यासारखं होतं. एकदा ते प्राध्यापक स्वतः पाण्याचा नमुना न्यायला आले. अण्णा शाळेत अडकले होते. नदीची बाटली पडवीत भरून ठेवलेली. आईनं पाव्हण्यांना चहा केला, शेंगाचटणीबरोबर कडक भाकरी दिली, आणि मग तिनं बाटलीकडं बघितलं. एवढा शिकलेला माणूस सोलापूरला नेणार आणि तळाला गाळ? तिनं आतल्या खोलीत जाऊन बाटली रिकामी केली, राखेनं घासली, ते पाणी दोनदा गाळलं, तुरटी फिरवली, निवळू दिलं, आणि चकचकीत बाटली प्राध्यापकांच्या हाती ठेवली. पंधरवड्यानं निकाल आला. सीनेचं पाणी आमच्या गावी आल्यावर आश्चर्यकारकरीत्या शुद्ध होतं, आणि याचं कारण शोधलं पाहिजे असं प्राध्यापकांनी कळवलं होतं.

अण्णांनी कारण शोधायला वेळ लावला नाही. त्यांनी घर डोक्यावर घेतलं. विज्ञान शिकवणाऱ्याच्या घरात राहून एवढी अक्कल नसावी म्हणजे काय, पाच वर्षांची मेहनत तुरटीत घातली, आता कारखानावाले ढोल बडवतील. आई पदर खोचून चुलीपुढं बसलेली. ती एवढंच म्हणाली, “घाण पाणी कसं द्यायचं परक्या माणसाच्या हातात?” याला खरं तर नीट उत्तर होतं. बाई, ते पाणी पिण्यासाठी नाही, नदी आजारी आहे आणि हे तिचं रक्त तपासायला न्यायचं आहे, एवढं सांगितलं असतं तर तिला तेव्हाच कळलं असतं. पण अण्णांनी ते सांगितलं नाही. माझ्या बाटल्यांना हात लावायचा नाही, असा हुकूम सोडून ते पारावर गेले आणि तिथं जमलेल्या लोकांना त्यांनी पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूबद्दल तासभर माहिती दिली. आई त्या दिवसापासून बाटल्यांवर नुसतं फडकं मारायची, तेसुद्धा लांबून.

आता माळाचं. तो माळ म्हणजे मुरूम आणि दगड. गावच्या शेरडांनी पार भादरून काढलेला. अण्णांनी ग्रामपंचायतीच्या हातापाया पडून त्यातला मोठा तुकडा चराईला बंद करून घेतला, शाळेच्या पोरांकडून बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालून घेतलं, आणि चांगल्या गवताचं बी आणून फेकलं. पहिल्या वर्षी कुसळी आली. सगळ्या गावाच्या धोतराला आणि लुगड्याला कुसळं चिकटली आणि सगळ्या गावानं अण्णांना शिव्या घातल्या. पण मग हळूहळू पवण्या आला, मारवेल आला. गुडघ्याएवढं गवत. दिवाळीपर्यंत हिरवं, मग पिवळं, आणि उन्हाळ्यात वारा सुटला की पडवीत बसून त्याची सळसळ ऐकू यायची. पहाटे तिथं तितर ओरडायचे. माळाखालच्या ओढ्याला पाणी जास्त दिवस टिकायला लागलं आणि आडाचा तळ उन्हाळ्यात दिसायचा तो दिसेना. लोकांनी याचं श्रेय आडाजवळच्या म्हसोबाला दिलं आणि त्याच्या देवळाला रंग दिला.

अण्णा चिडायचे. गवताच्या मुळ्या माती धरून ठेवतात, पाणी जिरवतात, तेच पाणी आडाला येतं, हे ते दिसेल त्याला सांगायचे. एसटी स्टँडवर सांगायचे, न्हाव्याच्या दुकानात गळ्याशी वस्तरा असताना सांगायचे. एकदा कुणाच्या तरी दहाव्याला लोक कावळा शिवायची वाट बघत बसले होते, तिथंही त्यांनी गवताच्या मुळ्या किती खोल जातात ते सुरू केलं. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, मयतालापण ऐकवेना. अख्ख्या तालुक्यात हे ज्ञान ज्याच्या कानावर पडलं नाही असं माणूस एकच होतं, आणि ते रोज दोन वेळा त्यांच्या ताटात भाकरी वाढत होतं. घरात अण्णा दमलेले असायचे. आईशी बोलायचं ते म्हणजे मीठ आण, डबा भर, चप्पल कुठाय. मला ते सगळं सांगायचे कारण मी बाटल्या धरायची. आईला त्यांनी कधी माळावर नेलंसुद्धा नव्हतं. तिला वाटायचं, माळावर शाळेचं काही तरी काम आहे आणि गवत आपोआप माजतंय.

अशात कारखान्याची नजर माळावर पडली. कारखाना नदीत घाण सोडतो म्हणून अण्णांनी लिहिलेल्या पत्रांपैकी एखादं चुकून कुणीतरी वाचलं होतं. कारखान्यानं नम्रपणे कळवलं की बरोबर आहे, आम्ही मळीचं पाणी नदीत सोडणार नाही. आम्हाला हा ओसाड माळ द्या, आम्ही तिथं मोठे खड्डे काढून ते साठवतो. म्हणजे रोग बरा करायला अण्णा गेले आणि वैद्यानं तो पायातनं काढून पोटात घातला. माळावर मळीचे खड्डे झाले की ते पाणी मुरणार कुठं? खाली आड. गावाला पिण्याच्या पाण्याची दुसरी सोय नव्हती. पण सरपंच आबांना हे पटत नव्हतं, कारण त्यांच्या पुतण्याचे ट्रॅक्टर कारखान्याला लागलेले. आबा गोड माणूस. ते म्हणायचे, मास्तर, माळ रिकामा पडलाय, कुणाच्या तरी कामी येऊ द्या की. शेवटी असं ठरलं की जिल्ह्याहून साहेब लोकांची समिती येऊन माळ बघेल. तो ओसाड निघाला तर ग्रामसभेच्या संमतीनं कारखान्याला. तिथं खरंच काही जगत असलं तर जैसे थे. अण्णांनी पुरावा म्हणून माळावरच्या कार्यक्रमांच्या फोटोंचा आल्बम काढला. त्यातल्या प्रत्येक फोटोत हार घातलेले पदाधिकारी ओळीनं उभे होते आणि त्यांच्या मागं काय होतं ते दिसत नव्हतं. एका फोटोत एका माणसाच्या धोतराला चार कुसळं चिकटलेली होती, तेवढाच काय तो पुरावा.

म्हणून सगळा भरवसा प्रत्यक्ष माळावर. गुढीपाडव्याच्या आसपासचे दिवस, गवत वाळून पिवळंजर्द उभं. समितीला घेऊन यायला अण्णा आदल्या दिवशीच सोलापूरला गेले. जाताना उंबऱ्यातनं वळून आईला म्हणाले, उद्या मोठे साहेब येणार आहेत माळ बघायला, गावाच्या इज्जतीचा सवाल आहे, सगळी तयारी नीट ठेव. त्यांच्या डोक्यात होतं जेवण. माझी दहावी चालू होती आणि परीक्षेचं केंद्र लांब म्हणून मी मोडनिंबला मामाकडं राहिले होते. शेवटचा पेपर देऊन दुसऱ्या दिवशी दुपारी मी एसटीतनं उतरले. त्यामुळं मधल्या दिवसात काय झालं ते मी पाहिलं नाही, शेजारच्या शेवंताकाकूंनी सांगितलं तसं लिहितेय.

आईनं शेंगापोळ्या केल्या, आमटी केली, भांडी घासली, पडवी सारवली. मग संध्याकाळी ती आयुष्यात पहिल्यांदा माळ बघायला वर गेली, कारण पाव्हणे घर बघायला येणार नव्हते, माळ बघायला येणार होते. तिनं बघितलं, तर काय! चौफेर वाळकं गवत, गुडघ्याएवढं, पायाला कुसळं. एवढ्या वर्षांत आपल्या नवऱ्यानं इथं झाडूसुद्धा फिरवला नाही? उद्या साहेब येऊन हे बघणार? लोक त्यांना गवत्या म्हणतात ते तिला माहीत होतं, आणि ते तिला फार लागायचं. तिनं बचत गटाच्या बायका गोळा केल्या. मास्तरांची लाज राखायची हाय, म्हणाली. बायकांनाही ते गवत म्हणजे मास्तरांचं खूळच वाटायचं. दिवस उगवायच्या आत बायका विळे घेऊन माळावर हजर. अंगण झाडतात तसा त्यांनी माळ झाडला. गवत कापून भारे बांधले, बुडखे खुरप्यानं उकरले, काडीकचरा वेचला, धोंडे ओळीनं लावून त्यांना चुना दिला. सरपंच आबांना हे कळल्यावर ते धावतच आले. बायकांच्या कामाला आबांनी आयुष्यात कधी हात लावला नव्हता, पण त्या दिवशी त्यांनी पुतण्याचा ट्रॅक्टर दिला, भारे वाहून नेले, वर जमिनीवर फळी मारून दिली आणि सगळ्यांना चहा पाजला. “लई झ्याक काम केलंत वैनी,” असं ते चारचारदा म्हणाले. गवत कापताना आईला एका बुडख्यात तितराची अंडी सापडली. ती तिनं पदरात घेऊन घरी आणली आणि आमच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. जीव हाय बाबा त्यो, उन्हात कसा टाकायचा.

मी पिशवी खांद्याला लावून थेट माळावरच गेले, कारण सगळं गाव तिकडं चाललं होतं. त्याच वेळी सरकारी गाडी आली. गाडीतनं साहेब उतरले आणि त्यांच्या मागनं अण्णा, गळ्यात रुमाल, हातात आल्बम. समोर माळ तव्यासारखा सपाट आणि स्वच्छ. फक्कीच्या रेघा, मधोमध रांगोळी, बायका ठेवणीतली लुगडी नेसून ओवाळायला उभ्या, आणि सगळ्यांच्या पुढं आई. तिचे तळहात विळ्यानं फुटलेले होते आणि तोंड नुसतं फुललेलं. अण्णांनी एकदा माळाकडं पाहिलं, एकदा आईकडं. मला वाटलं आता आकाश कोसळणार. पण अण्णा बोलले नाहीत. मोठ्या साहेबांनी काळा चष्मा काढून विचारलं, मास्तर, तुम्ही गवताचं म्हणत होता ते कुठं आहे? तेव्हाही बोलले नाहीत. बोलले असते तर त्या सगळ्या बायकांसमोर, सगळ्या गावासमोर आईची फटफजिती झाली असती. आबाच पुढं होऊन म्हणाले, साहेब, हितं मुरूम हाय, गवत कसलं उगवतंय. साहेबांनी मान डोलावली. माळाच्या स्वच्छतेबद्दल त्यांनी बायकांचं कौतुक केलं, ओवाळून घेतलं, शेंगापोळ्या तुपाबरोबर खाल्ल्या, दोन बांधून घेतल्या आणि निघून गेले. माझ्या बापाला मी आयुष्यभर बोलताना पाहिलं, पण मला तो खरा आवडला त्या दुपारी, तोंड मिटून उभा असताना.

ऊन कलल्यावर अण्णा उठले आणि पुन्हा माळावर जाऊन बसले. जेवले नव्हते. आई भाकरी फडक्यात बांधून वर निघाली आणि मी तिच्या मागं. तोवर शेवंताकाकूंच्या नवऱ्यानं तिला सांगितलं होतं की वैनी, तुमी माळ न्हाई झाडला, आड झाडला. तिला अर्धं कळलं होतं, अर्धं नाही. तिनं भाकरी अण्णांपुढं ठेवली. अण्णा म्हणाले, असू दे, तुझी चूक नाही. एवढ्यावर मिटलं असतं. पण आई उभीच राहिली, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदा तिनं त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन बोललेलं मी ऐकलं. “अख्ख्या तालुक्याला सांगितलं तुमी. न्हाव्याला सांगितलं. मयताला गेला तितं सांगितलं. मला का न्हाई सांगितलं? मी काय हितं नुसती भाकरी थापायला हाय व्हय?”

  अण्णांनी एक उकरलेला बुडखा उचलला, त्याच्या मुळ्यांची माती झटकली आणि सांगायला सुरुवात केली. आई खाली बसली. अंधार पडेपर्यंत ते सांगत होते आणि ती विचारत होती. शाळेतल्या पोरांनी कधी विचारले नसतील असे प्रश्न. पाणी मुरतं तर मळीपण मुरंल की? मग ही गोष्ट आडावर पाणी शेंदणाऱ्या बायकांना सांगायची सोडून तुमी कचेरीला का लिवत बसला? अण्णा म्हणाले, तिथं अधिकार असतो. आई म्हणाली, आणि हितं तहान असती.

पुढचे दिवस घरात रोज शाळा भरायची. अण्णा भाकरी खाताना शिकवायचे आणि आई तव्यावरची भाकरी करपू न देता शिकायची. ती त्यांच्याबरोबर नदीवर यायला लागली, रंगांचा तक्ता बघायला लागली, आणि सकाळी आडावर गेली की आदल्या दिवशीचा धडा तिथं उतरवून यायची. अण्णांना हे पटायला जड गेलं, पण त्यांच्या सगळ्या भाषणांनी वर्षानुवर्षांत झालं नाही ते आडावरच्या बायकांत महिन्याभरात झालं. आता गावात वाद असा होता की बायका म्हणायच्या माळ द्यायचा नाही आणि पुरुष म्हणायचे साहेबांचा अहवाल येऊ दे. त्यातच कोंबडीखालची अंडी फुटली. चट्ट्यापट्ट्यांची इवलीशी पिल्लं, आमच्या कोंबडीच्या मागं पळायची आणि ती बिचारी इतक्या जोरात पळणारी लेकरं बघून गोंधळून जायची. अण्णांनी ती बघितली आणि ते घाबरलेच. म्हणाले, अगं, हा रानातला पक्षी आहे, घरात ठेवला तर गुन्हा होतो, आधी सोडून दे. आईनं विचारलं, गुन्हा कोन घालतं? अण्णा म्हणाले, सरकार. आई म्हणाली, बरं. सोडते की, वायच मोठी हूं देत.

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेला शाळेच्या मैदानात मंडप घातला होता. एरवी ग्रामसभेला सरपंच, ग्रामसेवक आणि सावलीला आलेलं एखादं कुत्रं एवढी गर्दी असते. त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मोठे साहेब स्वतः अहवाल घेऊन आलेले. झेंड्याला सलामी झाली, नारळ फुटला, आबांनी साहेबांचा सत्कार केला, साहेबांनी आबांचा केला. मग साहेबांनी अहवाल वाचला. सदर क्षेत्र ओसाड, वनस्पतिविरहित असून तेथे कोणतीही जीवसृष्टी आढळून आली नाही. मात्र ग्रामस्थांनी राखलेली स्वच्छता वाखाणण्याजोगी आहे. शेवटच्या वाक्याला आबांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा पहिल्या रांगेत भाषणाचे कागद घेऊन बसलेले, चांगला जाड गठ्ठा, त्यात मुळ्यांच्या आकृत्यासुद्धा होत्या. ते उठणार इतक्यात बायकांच्या बाजूनं आई उठली. तिच्या कमरेवर कोंबड्या झाकायचं डालगं होतं. ती सरळ साहेबांच्या टेबलापुढं गेली, डालगं खाली ठेवलं आणि उचललं.

आधी कोंबडी बाहेर आली आणि तिच्या मागनं पिल्लं सुटली. टेबलाखालनं, सतरंजीवरनं, ग्रामसेवकाच्या पायांतनं. पोरं ओरडायला लागली, कोंबडी कलकलाट करायला लागली, आबा ‘धरा, धरा’ म्हणत उभे राहिले. साहेब मात्र जाणकार निघाले. ते वाकले, एक पिल्लू त्यांनी अलगद ओंजळीत धरलं, आणि त्यांचा चेहरा एकदम कडक झाला. मला वाटतं, त्या सगळ्या सोहळ्यात त्यांना खरोखर माहीत असलेली ती पहिलीच गोष्ट असावी.

“हे तितर आहे,” साहेब म्हणाले. “वन्यपक्षी आहे हा. असा घरात पाळणं गुन्हा आहे, बाई. कुठून आणलात?”

“माळावरनं.”

“कुठल्या माळावरून?”

“आत्ता तुमी वाचला त्योच. तितं गवत व्हतं, गवतात अंडी व्हती. तुमी येनार म्हनून आमी कापून काढलं. माळ रिकामा न्हवता साहेब, आमी रिकामा केला. ह्या हातानं.” आईनं तळहात पुढं केले. विळ्याचे वण अजून होते. “घाला गुन्हा माझ्यावर, मी न्हाई म्हनत न्हाई. फकस्त पिल्लं कुटनं आनली ती जागा नीट लिवा.”

साहेबांनी लिहायला पेन काढलं होतं. ते त्यांनी कागदावर टेकवलं आणि तसंच धरलं. गुन्हा लिहावा तर अहवाल खोटा, अहवाल खरा म्हणावा तर ओंजळीतलं पिल्लू आलं कुठनं? मंडपात कुणीतरी फिसकन हसलं, मग बायका हसायला लागल्या, आणि हसता हसता शेवंताकाकूंनी माळ द्यायचा नाही म्हणून हात वर केला. त्यांच्या मागनं आडावरच्या सगळ्या बायकांचे हात वर गेले. मग त्यांच्याकडं बघत बघत नवऱ्यांचे. आबांनी आजूबाजूला पाहिलं आणि मोठ्या मनानं आपलाही हात वर केला. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि पिल्लू आईच्या हातात परत दिलं.

आता अण्णांची पाळी होती. सगळं गाव त्यांच्याकडं बघत होतं. एवढी भरगच्च, एवढी ऐकायला तयार सभा त्यांना उभ्या जन्मात मिळाली नव्हती. अण्णांनी कागदांची घडी करून खिशात घातली. वाकून त्यांनी एकेक पिल्लू गोळा केलं, कोंबडी धरली, डालगं डोक्यावर घेतलं, आणि पिल्लं सोडायला माळाच्या वाटेनं निघालेल्या आईच्या मागनं चालायला लागले.